ढ होण्याची शिकवणी

आमच्या घरात सगळ्यात कमी आवाज नाना करत. नाना म्हणजे माझे वडील. धरणगावच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करत आणि नाक शिंकरायचं झालं तरी चपला घालून मागच्या अंगणात जात. ताक पितानासुद्धा त्यांच्या घशाचा आवाज झालेला मी ऐकला नाही. अशा माणसानं लग्न मात्र माझ्या आईशी केलं होतं, जिचा धंदाच आवाजाचा होता. ‘गडगडाट साउंड सर्व्हिस’ हे आईच्या वडिलांचं दुकान. ते गेल्यावर तिच्या भावांनी नाकं मुरडली, म्हणून ते आईनं घेतलं. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर आणि स्टिअरिंगवर पदर खोचून बसलेली आई. अमळनेरपासून एरंडोलपर्यंत कुठल्याही लग्नात नवरदेवाचा मामा नाचता नाचता आडवा झाला, की त्यात आईचा वाटा असायचा. ही दोन माणसं एकमेकांना कशी सापडली असं मी एकदा विचारलं, तर आई तिच्या खानदेशी बोलीत म्हणाली, “हाऊ माणूस मना स्पीकरना समोर उभा ऱ्हाईसन ‘कृपया आवाज कमी करा’ म्हणे. आख्खी वरात नाची ऱ्हायनी आन हाऊ म्हणे कृपया. मी म्हटलं, हिंमत शे.”

लग्नसराईत आई घरी नसायची, तेव्हा स्वयंपाक नाना करायचे. त्यांचा स्वयंपाक म्हणजे प्रयोगच असायचा. मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून ते वांगी भाजायचे तेव्हा हातात चिमटा आणि मनगटावर घड्याळ, आणि मध्येच वांग्याला टोचून बघताना असा चेहरा, की वांगं आता परीक्षेचा निकाल सांगणार. भरीत मात्र असं करायचे की आईसुद्धा गप्प बसून खायची. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ‘बठ्ठं संपाडी टाकलं’ असं मी म्हटलं की ते हळूच दुरुस्त करायचे, “सगळं संपवलं, म्हणावं.” आई लगेच पलीकडून म्हणायची, “बठ्ठं म्हणानं, पोट जास्त भरस.” मी आजही दोन्ही बोलते. पोट भरल्यावर कोणतं बोलते, ते सांगायला नको.

तर या घरात मी वाढत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. सगळं म्हणजे माणसांचं बोलणं नव्हे, ते कुणालाही येतं. मला विजेच्या वस्तू ऐकू यायच्या. फ्रिज खोकला दाबून धरलेल्या म्हाताऱ्यासारखा वाटायचा. गल्लीच्या तोंडाशी असलेली विजेची डीपी दिवसभर तोंड मिटून ‘म्’ म्हणत असायची, आणि तिचा सूर खाली घसरला की मी पंख्याखालून उठून ओट्यावर जाऊन बसायची, कारण आता लाइट जाणार. फोन वाजायच्या आधी तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतडायचा. रेल्वेवरची मोठी तार तर फार दुरून ऐकू यायची. भुसावळकडून गाडी निघाली की ती ताणल्यासारखी व्हायची. मला वाटायचं हे सगळ्यांनाच ऐकू येतं आणि मोठी माणसं त्यावर बोलत नाहीत, जशी ती बऱ्याच गोष्टींवर बोलत नाहीत.

हे आईच्या लक्षात आलं एका हळदीच्या कार्यक्रमात. माइक बंद पडला होता आणि आईची माणसं वायरींच्या ढिगाऱ्यात डोकं घालून बसली होती. मी जिलेबी खात होते. कंटाळून म्हटलं, “ती काळी वायर मधेच थांबलीय. तिथं, खुर्चीच्या पायाखाली.” आईनं वायर कापली, तर आतली तार तिथंच तुटलेली. तिनं मला दुसरी जिलेबी दिली आणि कामाला लागली. घरी आल्यावर मात्र नानांना म्हणाली, “तुमनी पोरले वायरी ऐकू येतस.” नानांनी चष्मा पुसला. त्यानंतरचे कित्येक दिवस माझ्यासाठी लपाछपीचे होते. नाना चालू फोन तांदळाच्या डब्यात लपवायचे, रेडिओचं काळीज, म्हणजे आतली सर्किटची पट्टी, सेलसकट काढून गादीखाली ठेवायचे, आणि मी ते शोधून द्यायची. प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. आईला कौतुक नव्हतं, सोय होती. तिनं फक्त एवढंच बजावलं, “घरमा सांगानं. बाहेर कोणले नही.”

पण शाळेत एक शिबिर आलं. एका कंपनीचं होतं, मुलांच्या कानांची मोफत तपासणी. कंपनीचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आई त्यांना शेवटपर्यंत ‘कानवाले’ म्हणाली, आणि मीही तेच म्हणणार. शिबिर शाळेत आणण्यात नानांचा पुढाकार होता, ही गोष्ट आई पुढे त्यांना भाजीत मीठ कमी पडलं तरी ऐकवायची. आम्हाला ओळीनं बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. सगळ्यांनी आपापली बोटं वर-खाली केली. मग म्हणाले, झालं, आता हेडफोन काढून शांत बसा, खाऊ येतोय. आणि टेबलावरचा एक राखाडी डबा गायला लागला. त्याचा आवाज कुणाच्याच कानावर पडण्यासारखा नव्हता. मला वाटलं तपासणी चालूच आहे. आख्ख्या वर्गात बोट वर करून बसलेली मी एकटीच होते. कोपऱ्यात उभा असलेला माणूस माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं मला सगळ्यांपेक्षा मोठं चॉकलेट दिलं.

त्या माणसाचं नाव देशमाने. पुढच्याच आठवड्यात पांढऱ्या गाडीतून घरी आले. थकलेले डोळे, मऊ आवाज, हातात काजूकतलीचा डबा. नानांशी ते असे बोलले, की नानांनी ठेवणीतल्या कपबशा काढल्या. तुमची रेणुका असामान्य आहे, म्हणाले. तिचं शिक्षण, राहणं, परदेश, सगळं कंपनी बघेल. सध्या फक्त नरडाण्याच्या एमआयडीसीत आमचं केंद्र आहे, तिथं एक पक्की तपासणी. आईनं विचारलं, “पोरीनं तठे काय ऐकानं?” देशमान्यांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हणाले, “ताई, आजकाल यंत्रं एकमेकांशी फार बोलतात. काय बोलतात ते ऐकणारं कुणी नाही. ज्याच्याकडे असा कान असेल, त्याला जगात काहीही कमी पडणार नाही.” मग आईला धीर यावा म्हणून पुढे म्हणाले, “दोंडाईचाच्या एका मुलाचं तर आम्ही आयुष्यच बदलून टाकलंय.” आईनं त्या मुलाचं नाव विचारलं. ते गोपनीय असतं, म्हणाले. काजूकतली फार चांगली होती. आईनं एकही खाल्ली नाही, यावरून मला समजायला हवं होतं.

मुख्याध्यापकांना कुणकुण लागायचा अवकाश, शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यात माझा चेहरा इतका गुलाबी केला होता की मी आंब्याच्या पेटीवरच्या चित्रातली वाटत होते. खाली नानांचाही फोटो, हात जोडलेला. आई टेम्पो घेऊन गेली, शिडी लावली, फ्लेक्स उतरवला आणि घरी आणून स्पीकरवर झाकायला घेतला. “पक्का शे, पाणी लागणार नही,” एवढंच म्हणाली. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचं म्हणणं मला आता पटतं असं नाही, पण समजतं. आयुष्यभर त्यांनी पोरांना लोहचुंबक आणि लोखंडाचा कीस दाखवला होता. विज्ञान त्यांच्या घरात फ्रॉक घालून फिरेल, असं त्यांना कुठून वाटणार.

त्यानंतर एका सकाळी आमच्या समोरच्या खांबावर एक नवा राखाडी डबा दिसला. खरं तर दिसायच्या आधी मला तो ऐकू आला. अगदी बारीक, रेशमाच्या धाग्यासारखा. मी दुधाचा पेला घेऊन तशीच बाहेर गेले आणि खांबाखाली मान वर करून उभी राहिले. धागा थोडा जाड झाला, मग बारीक, मग परत जाड, जणू मला विचारत होता, हे येतं का, आणि हे? मला मजा वाटली. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला पांढरी गाडी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही, पण ओट्यावर झाडू घेऊन उभ्या असलेल्या आईनं पाहिलं. तिनं मला हाक मारली नाही, ओढूनही नेलं नाही. झाडत झाडत माझ्यापर्यंत आली, धुरळा माझ्या दुधात उडवला आणि मोठ्यानं म्हणाली, “झोपमा चालस का पोरगी? चल घरमा.” आत आल्यावर तिनं दाराला कडी घातली. स्पीकरची पेटी एकटीनं उचलणाऱ्या बाईला दिवसाउजेडी कडी घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मांडववाल्यांचं आणि साउंडवाल्यांचं जग फार छोटं असतं. आईनं दोंडाईचाच्या एका मांडववाल्याला फोन लावला आणि ‘कानवाल्यांकडे गेलेला पोऱ्या’ एवढ्याच खुणेवर तिला घर सापडलं. आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो. मुलाचं नाव दीपक. माझ्यापेक्षा बराच मोठा, मिशी फुटू लागलेला. घराबाहेर, खांबांपासून लांब, शेतातल्या एका झोपडीत बसला होता. डोक्याला त्याच्या आईची जुनी साडी गुंडाळलेली. आम्ही जवळ गेलो तसा म्हणाला, “फोन बंद करा.” आईनं केला. मग तो नीट बोलला. आई त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसली आणि विचारलं, मारत होते का. नाही, म्हणाला. उपाशी ठेवत होते का. नाही, आइस्क्रीम द्यायचे, रोज वेगळं. मग काय करत होते?

“ऐकायला बसवायचे,” दीपक म्हणाला. “आधी मजा वाटते. मग ते अजून ऐकायला लावतात, अजून दूरचं, अजून बारीक. कान मोठा होत जातो. बंद करत नाहीत, एवढंच.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “हिला आत्ता बंद करता येतं का?”

मी मान डोलावली. मला करता यायचं. झोपताना मी डीपीला सांगायची, आता पुरे, आणि ती पुरे व्हायची. दीपक म्हणाला, “माझं होत नाही आता. मग त्यांना पण माझा काही उपयोग राहिला नाही. घरी आणून सोडलं. गाडी चांगली होती.” त्याच्या आईनं आम्हाला ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या तळून दिल्या. त्या खाताना नुसता कुरुमकुरुम आवाज.  परतीच्या गाडीत शिंदखेडा गेल्यावर आई म्हणाली, “नापास व्हशी ना?”

घरी नाना आणि आईचं जे झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोन आवाज लागतात. नाना म्हणाले, त्या मुलाची प्रकृतीच नाजूक असेल, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये. आई म्हणाली, दुसरं उदाहरण आपली पोरगी नको. नाना म्हणाले, मग स्पष्ट ‘नाही’ सांगू. तेव्हा आईनं हिशेब मांडला. नाही म्हटलं तर खांबावरचा डबा उतरणार नाही. ज्याला हवंय तो ‘नाही’ ऐकून थांबत नाही. पोरीत काही नाही असं त्यालाच वाटलं, तर तो आपल्या पायानं जाईल. नाना बराच वेळ इस्त्री फिरवत राहिले. शर्ट केव्हाच सरळ झाला होता.

आणि मग सुरू झाली माझी ढ होण्याची शिकवणी. इतर पोरं स्कॉलरशिपच्या क्लासला जायची, मी आईसमोर बसायची. कॉर्डलेस माइक आई पदराखाली धरायची आणि मी जेवत असताना केव्हाही चालू करायची. माझी पापणी हलली, घास थांबला, मान एवढीशी कलली, की ती माझ्या ताटातली एक गोष्ट उचलून स्वतःच्या तोंडात टाकायची. पहिल्या काही दिवसांत माझ्या वाट्याला फक्त भाकरीचे काठ येत होते. “मारुतीना चेहरा करू नको,” ती म्हणायची, “तोसुद्धा ऐकी ऱ्हायना अस वाटस. म्हैसना कर.” म्हणून मी म्हशीचा अभ्यास केला. शेजारच्या गोठ्यात जाऊन बसले. म्हैस ऐकत नाही असं नाही. तिला ऐकलेल्याचं काही वाटत नाही. हे एकदा कळल्यावर मी झपाट्यानं पुढे गेले. खांबाखालून शाळेत जाताना धागा मला हाका मारायचा आणि मी रवंथ करत निघून जायची. शाळेतही लाइट जायच्या आधी उठायचं बंद केलं. मैत्रिणी म्हणाल्या, तू पहिल्यासारखी गमतीदार राहिली नाहीस. घरी येऊन रडले तेव्हा आईनं माझी समजूत काढली नाही. माझ्याबरोबर ओट्यावर बसून राहिली, आणि संध्याकाळचं एक बुकिंग तिनं फोन करून दुसऱ्याला देऊन टाकलं.

तपासणीच्या दिवशी आईनं माझ्या डोक्यावर तेलाची बाटली उपडी केली. केसांतून, कपाळावरून, कानांमागून तेल निथळत होतं, आणि वर दोन वेण्या इतक्या घट्ट की माझे डोळे आपोआप आश्चर्यचकित दिसत होते. कानवाल्यांनी पाठवलेली पांढरी गाडी तिनं परत पाठवली आणि आम्ही तिघं साउंडच्या टेम्पोतून नरडाण्याला गेलो. फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, आज कुणाचं लग्न आहे. आई म्हणाली, कंपनीचं.

आत सगळं पांढरं आणि गार. मुलाबरोबर एकच पालक बसू शकतो, असा नियम निघाला. आईनं पुढे पाऊल टाकलं, पण देशमाने नम्रपणे म्हणाले, “सर बसतील. सरांना यातलं कळतं.” तो माणूस मूर्ख नव्हता. आम्हा तिघांपैकी कोण त्याच्या बाजूचं आहे, हे त्यानं पहिल्याच चहाच्या वेळी ओळखलं होतं. आई बाहेर राहिली. मी खुर्चीत, नाना माझ्यासमोर एका स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून. एका मुलीनं माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवायला घेतली. ती घसरली. तिनं कापसानं पुसलं, परत घातली, परत घसरली. शेवटी देशमाने म्हणाले, जशी बसेल तशी बसू दे, मी चेहरा बघतो.

आधी नेहमीचे धागे आले, जाड, बारीक. मी म्हैस होते. मग एक असा आला की दात शिवशिवले. कुणी तवा खिळ्यानं ओरबाडावा तसा. मी रवंथ करत राहिले. देशमाने माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, थोडं हळहळून. मग त्यांनी कुणाला तरी मान डोलावून खूण केली, आणि ते सुरू झालं.

इतकी वर्षं झाली, पण त्याचं वर्णन मला धड जमत नाही. लहानपणापासून मी जे ऐकत आले होते ते सगळं वेडंवाकडं होतं. फ्रिज खोकायचा, डीपी घसरायची, मोहरी तडतडायची. कुणीतरी त्या सगळ्यांना बसवून एका सुरात लावलं होतं. मला पहिल्यांदा कळलं की ही माझी भाषा आहे आणि ती सुंदरही असू शकते. दुखणाऱ्या आवाजाची तयारी आईनं करून घेतली होती. याची कोण करून घेणार? माझ्या ओठांचे कोपरे उचलायला लागले. ते मला थांबवता येईनात. नाना समोरून बघत होते. लपवलेला फोन मी शोधून काढायची तेव्हाचा माझा चेहरा त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता, आणि तोच आता येत होता. त्यांनी देशमान्यांकडे पाहिलं. देशमाने खुर्चीत पुढे सरकले होते, थकलेले डोळे एकदम ताजे झालेले. मला वाटतं दोंडाईचाचा दीपक नानांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसला.

आणि माझे वडील, जे नाक शिंकरायला मागच्या अंगणात जात, ते स्टुलावर किंचित एका बाजूला कलले आणि त्या पांढऱ्या, गार, नि:शब्द खोलीत पादले.

साधंसुधं नाही. ते लांबलं, वर चढलं, मधे थबकलं आणि प्रश्न विचारल्यासारखं संपलं. टोपीवाली मुलगी भिंतीकडे वळली. मला हसू फुटलं. नुसतं हसले नाही, खुर्चीतून खाली आले. टोपी एका कानावर, तेल फरशीवर. देशमाने म्हणाले, हरकत नाही, पुन्हा घेऊ. पुन्हा ते सुंदर सुरू झालं आणि मी नानांच्या कमालीच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसू फुटलं. तिसऱ्यांदाही तेच. आता मी कशाला हसतेय हे जगातल्या कुठल्याही यंत्राला सांगता आलं नसतं. नाना प्रत्येक वेळी “क्षमस्व” म्हणत होते. शेवटी देशमान्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “शिबिरात चुकून बोट वर केलं असेल हिनं. होतं असं.” नानांना ते म्हणाले, “सर, प्रकृतीची काळजी घ्या.”

बाहेर आल्यावर आईला सगळं मी सांगितलं, कारण नाना टेम्पोत बसून समोरच्या काचेकडे बघत होते. आईनं त्यांना विचारलं, “मुद्दाम?” नाना म्हणाले, “सकाळी उडदाच्या डाळीत हिंग राहिला.” मिठाची चिमूट मोजून टाकणाऱ्या माणसाचा हिंग राहिला होता. आईनं टेम्पो चालू केला. थोडं पुढे गेल्यावर मात्र तिनं डावा हात गिअरवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बेटावदपर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये चालवला.

अमळनेरच्या अलीकडे एका हॉटेलात आम्ही शेवभाजी मागवली. लालभडक तर्री, वर शेव, आणि आई जेवत नव्हती. “ते काय व्हतं,” तिनं विचारलं, “जे चांगलं व्हतं ते?” इतके दिवस तिनं मला ऐकू येतं ते विसरायला लावलं होतं, आता तीच विचारत होती. मी डोळे मिटून जमेल तसं गुणगुणलं. माणसाच्या गळ्यात ते मावणारं नव्हतं, तरी बराच वेळ गुणगुणलं. नाना रडले, अर्थात आवाज न करता. आई ऐकत राहिली. मी थांबल्यावर तिनं भाकरी कुस्करली आणि म्हणाली, “बेसूर शे. खाय.”

आई तिथंच थांबली असती तर ती आई नव्हे. बाकीच्या गावांतली पोरं होतीच की. तिनं रिक्षावर भोंगा बांधला आणि दीपकच्या आईला शेजारी बसवून धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा असं हिंडायला लागली. वरून ती केसांच्या तेलाची जाहिरात होती. तेल कुठलं, ते शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. “शाळेत कानांची तपासणी येणार असेल तर मातांनो, पोरांची डोकी तेलानं चिंब करा,” असं भोंगा प्रमाण मराठीत सांगायचा, कारण ते वाक्य नानांनी लिहून दिलं होतं. रिक्षा थांबली की बाया जमायच्या, आणि मग दीपकची आई भोंगा बंद करून त्यांना तिच्या मुलाचं सांगायची. त्या हंगामात खानदेशातल्या शाळांमध्ये कानवाल्यांना नुसती निथळती डोकी आणि रवंथ करणारे चेहरे मिळाले. समोरच्या खांबावरचा डबा एक दिवस उतरला. पुढे कळलं की त्यांनी पोरांऐवजी दुसरं काहीतरी यंत्रच बनवलं. दीपक तोरणमाळच्या बाजूला डोंगरात राहायला गेला, शेळ्या पाळल्या, लग्न केलं. आता तिकडेही तारा, टॉवर, सगळं पोचलंय, पण तो म्हणतो, वय झालं तसं ऐकायला कमी येतं, बरं झालं.

माझं मात्र कमी झालं नाही. आता तर घरात एकही तार दिसत नाही आणि तरी सगळं बोलत असतं. झोपताना मी त्यांना पुरे म्हणते आणि ते पुरे होतात. नाना गेले ते त्यांच्या पद्धतीनं, दुपारच्या झोपेत, कुणाला कळू न देता. आई त्यानंतर पुष्कळ जगली. स्पीकरच्या भिंतीपुढे आयुष्य काढल्यामुळे तिचे दोन्ही कान गेले होते आणि तिला कानात घालायचं यंत्र घेतलं होतं. भेटायला नातेवाईक यायचे, तिच्याशी तासन्‌तास बोलायचे, आणि ती इतक्या समजूतदारपणे मान हलवायची की लोक म्हणायचे, म्हातारी काय लक्ष देऊन ऐकते. फक्त मला ठाऊक होतं की ते यंत्र बंद आहे. चालू असलं की त्यातून एक बारीक धागा निघायचा, आणि मामा आला की तो हमखास तुटायचा. मी तिचं बिंग कधी फोडलं नाही. शेवटच्या दिवसांत तिला उठवत नव्हतं, बोलवतही नव्हतं फारसं. मी दारातून आत यायची, चप्पल काढायची, आणि अजून मी तोंड उघडलेलं नसायचं, तेवढ्यात पलंगावरून मला तो बारीक धागा सुरू झालेला ऐकू यायचा.